डिपॉझिट ही अमानत आहे, हाजीसाहेब

कोंढव्यातलं भाड्याचं घर सोडलं त्या दिवशी सामानाचा टेम्पो खाली उभा होता आणि मी घरमालकांच्या हातात चाव्यांचा जुडगा ठेवला. माणूस वडिलांच्या वयाचा, दोनदा हज करून आलेला, मशिदीत नेहमी पहिल्या सफेत दिसणारा. त्यांनी चाव्या मोजून घेतल्या. गॅलरीच्या दाराची चावी कुठे आहे असं विचारलं, तीही घेतली. मग मी जरा चाचरतच म्हणालो, "हाजीसाहेब, डिपॉझिट?" ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इन्शाअल्लाह, जुम्मे के बाद देख लेंगे. तुम्हारा पैसा कहाँ भागा जा रहा है?"

पैसा कुठे पळून गेला नाही हे खरं. तो सात महिने जागचा हललाच नाही.

रक्कम साठ हजारांची. महिना पंधरा हजार भाडं आणि चार महिन्यांचं डिपॉझिट. तीन वर्षं राहिलो, एकदाही भाडं थकवलं नाही. नव्या घराचं डिपॉझिट आधी भरल्याशिवाय चावी मिळत नाही, म्हणून मेव्हण्याकडून पैसे उसने घेतले. जुनं डिपॉझिट आलं की परत करतो, असा शब्द दिला होता. इकडे हाजीसाहेब जुम्मे मोजत होते आणि तिकडे मेव्हणा महिने.

पहिल्या महिन्यात फोन उचलला जायचा. दुसऱ्या महिन्यात रंगाचा विषय निघाला. भिंती खराब झाल्यात, बारा हजारांचा खर्च आहे. मग स्वयंपाकघरातला नळ. मग शेवटचं लाइटबिल, जे मी आधीच भरलेलं होतं आणि ज्याची पावती त्यांना पाठवलेली होती. तिसऱ्या महिन्यात खरी गोष्ट बाहेर आली. "नया किराएदार आने दो, उसके डिपॉझिट में से तुम्हारा दे दूँगा." आणि चौथ्या महिन्यात ते म्हणाले की साठ नव्हे, चाळीसच दिले होते ना तुम्ही? चाळीस मी बँकेतून पाठवले होते. वीस रोख दिले होते, त्यांच्या दिवाणखान्यात, सरबत पिता पिता. पावती मागायला लाज वाटली होती. कागदही रीतसर केला नव्हता. स्टॅम्पपेपरवर दोन सह्या आणि नोटरीचा शिक्का, बस्स. "अपने अपने में क्या लिखा-पढ़ी," असं तेच म्हणाले होते आणि मी मान हलवली होती.

हे सगळं सांगतोय ते हाजीसाहेबांचे वाभाडे काढायला नव्हे. ते कोण, हे मी सांगणार नाही. शिवाय ही गोष्ट ऐकवली की समोरचा लगेच स्वतःची गोष्ट सुरू करतो असा माझा अनुभव आहे. कुणाचे वीस हजार, कुणाचे दोन लाख. एखादा माणूस वाईट निघाला तर ते नशीब म्हणून सोडून देता येतं. पण जी गोष्ट प्रत्येकाकडे आहे ती रीत असते, आणि रीतीबद्दल बोलायला हवं.

ही रीत चालते कशी ते बघा. भाडेकरूकडून आलेलं डिपॉझिट बहुतेक घरमालक बाजूला ठेवत नाहीत. ते दुसऱ्या फ्लॅटच्या बुकिंगला जातं, मुलीच्या लग्नात जातं, दुकानात माल भरायला जातं. भाडेकरू निघतो तेव्हा ती रक्कम घरमालकाकडे नसतेच. मग एकच वाट उरते, पुढच्या भाडेकरूच्या पैशातून मागच्याला देणं. घर रिकामं राहिलं, किंवा नव्या भाडेकरूने कमी डिपॉझिट दिलं, की मागचा लटकला. म्हणजे घर भरण्याची जबाबदारी मालकाची, पण ते न भरल्याचा भुर्दंड निघून गेलेल्या माणसाच्या माथी. मुंबई-ठाण्याकडे 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. तिथे भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही, पण काही लाख रुपये मालकाकडे ठेवायचे. उधारीवर फायदा घेणं म्हणजे व्याजच, म्हणून अनेक आलिम या व्यवहाराला हरकत घेतात. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. साधा हिशोब असा की एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत, बायकोचे दागिने मोडून उभे केलेले पैसे, पुढचा भाडेकरू येतो की नाही यावर टांगलेले असतात.

आता थोडं आपल्याबद्दल.

मुसलमानाला भाड्याचं घर कसं मिळतं, हे या पानावर येणाऱ्या बहुतेकांना सांगायची गरज नाही. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की "अहो, ते घर कालच गेलं." कधी सोसायटीचा नियम, कधी "आम्हाला शाकाहारीच हवेत." याबद्दल आपण लिहितो, बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण त्याचा एक परिणाम आपण फारसा बोलून दाखवत नाही. शहराचे बाकीचे दरवाजे बंद झाले की माणूस आपल्या मोहल्ल्याकडे येतो. मोहल्ल्यात घरं मोजकी, मागणारे भरपूर. ज्याच्याकडे दोन फ्लॅट आहेत त्याला ठाऊक असतं की हा भाडेकरू जाऊन जाऊन जाणार कुठे? म्हणून डिपॉझिट जास्त, कागद कमी आणि परत देण्याची घाई मुळीच नाही. बाहेरच्याने नाकारलं म्हणून आपल्याकडे आलेल्या माणसाला आपलाच माणूस अडवतो. पहिल्या अन्यायाला आपण भेदभाव म्हणतो. दुसऱ्याला आपल्याकडे नावच नाही.

नाव नाही कारण त्यावर शरमेचं पांघरूण आहे. मागणाऱ्यालाच शरम वाटते. हाजीसाहेब दर जुम्याला भेटायचे, मुसाफा करायचे, मुलांची चौकशी करायचे. मशिदीच्या दारात पैशाचा विषय कसा काढायचा? चारचौघांत काढला तर लोक म्हणणार, बुजुर्गांशी बोलायची पद्धत आहे का ही? माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "पैसे त्यांनी ठेवलेत आणि मान तुम्ही खाली घालताय." मला उत्तर सुचलं नाही.

आणि इथे एक गोष्ट लपवून पुढे लिहिणं बरं नाही.

बार्शीला आमचं जुनं घर आहे. अब्बांनी पुढच्या दोन खोल्या एका शाळामास्तरांना भाड्याने दिल्या होत्या. वीस हजार डिपॉझिट. अब्बा गेले त्यानंतरही मास्तर राहत होते, भाडं भावाकडे देत होते. माझी सात महिन्यांची वणवण चालू असतानाच भावाचा फोन आला. मास्तरांची बदली झालीय, महिनाअखेरीला निघतायत, डिपॉझिट मागतायत. भाऊ म्हणाला, "मी सांगितलंय, नवीन भाडेकरू आला की देऊ."

मी म्हणालो, "बरं केलंस."

फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ही वाक्यं मी कुठे ऐकली होती.

अब्बांच्या जनाज्याच्या वेळी भाऊ पुढे उभा राहून म्हणाला होता, आपल्यात म्हणतात तसंच, की मरहूमांकडे कुणाचं काही देणं-घेणं राहिलं असेल तर आम्हाला सांगा, नाहीतर अल्लाहसाठी माफ करा. मास्तर तेव्हा तिथेच होते. डोक्याला रुमाल बांधून बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? घर तेव्हा सोडायचं नव्हतं. पण आम्ही बोलायला हवं होतं, कारण आम्हाला माहीत होतं. मरणाऱ्याचं कर्ज आधी फेडायचं आणि मग उरलेल्याची वाटणी करायची, हे वारसाहक्काच्या आयतींमध्येच, सूरह निसामध्ये, स्पष्ट सांगितलं आहे. आम्ही भावंडांनी जमिनीची वाटणी केली, अम्मीचा हिस्सा काढला, बहिणींचा हिस्सा काढला आणि आपण शरियतप्रमाणे वागलो असं समाधान मानलं. मास्तरांचे वीस हजार कुणाच्याच यादीत नव्हते. कारण डिपॉझिट हे कर्ज आहे असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. ते 'घराबरोबर आलेले पैसे' होते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते हाजीसाहेबांइतकंच आमच्या घराला लागू आहे. डिपॉझिट एक दिवसही घरमालकाचं नसतं. त्याला अमानत म्हणा, तर तिला हात लावायचा नाही. तिला हात लावलात, पैसे खर्च केलेत, तर ते कर्ज झालं म्हणा, आणि कर्ज मुदतीला फेडायचं असतं. शास्त्राच्या पुस्तकात यावर बारीक चर्चा सापडेल. पण कुठल्याही बाजूने गेलात तरी "माझ्या सोयीने देईन" हा तिसरा पर्याय निघत नाही.

हिजरतची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मक्क्याचे लोक पैगंबरांच्या जिवावर उठले होते आणि त्याच मक्क्यातल्या लोकांच्या ठेवी त्यांच्या घरात होत्या. रात्री शहर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं, ज्याची त्याची ठेव परत करून मगच या म्हणून. लहानपणी मला यात फक्त हजरत अलींची हिंमत दिसायची. आता हिशोब दिसतो. ठेवीदारांनी वैर धरलेलं, जीव धोक्यात, रात्रीचा प्रवास. पैसे अडवून ठेवायला यापेक्षा मोठं कारण कुठलं असणार? आणि आमचं कारण काय, तर नवा भाडेकरू आला नाही.

याच दीनने व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा कागद करण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे; सूरह बकरहमधली २८२ वी. त्यामुळे "अपने अपने में क्या लिखा-पढ़ी" हे वाक्य विश्वासाचं वाटलं तरी दीनदारीचं नाही. ऐपत असूनही देणं लांबवणं हा जुलूम आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. खरोखर अडचणीत असलेल्याला मुदत द्यावी असंही सांगितलं आहे, आणि ती द्यावी. पण मुदत मागायची असते. ती परस्पर घ्यायची नसते. आणि इन्शाअल्लाह हा शब्द! तो इराद्याच्या पुढे लावायचा असतो. इरादाच नसताना लावला तर तो टाळाटाळीत अल्लाहचं नाव ओढणं झालं. मला वाटतं, मोहल्ल्यात या शब्दाची जेवढी बेअदबी पैशाच्या व्यवहारात होते तेवढी दुसरीकडे कुठे होत नसेल.

आता कायद्याचं. पाचव्या महिन्यात एका वकील मित्राकडे गेलो तेव्हा ज्या गोष्टी कळल्या त्या घर घेण्याआधी कळायला हव्या होत्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं सक्तीचं आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत चुकीची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे माझ्या वीस हजारांच्या बाबतीत कागद नसल्याची भीती मला वाटत होती. खरं तर ती हाजीसाहेबांना वाटायला हवी होती.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार भाड्याबरोबर डिपॉझिटचाही विचार करतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर पाव टक्का शुल्क घेतात. माझा हिशोब मांडून पाहिला. अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००, साठ हजारांवरचं मानलेलं व्याज ५,५००, एकूण १,७०,५००, आणि शुल्क साधारण ४२६ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणीची फी १,००० रुपये. शुल्क आणि फी मिळून दीड हजाराच्या आतच झाली असती. म्हणजे डिपॉझिट मालकाकडे राहिलं की त्याचा फायदा होतो, हे सरकारच्या हिशोबात आहे. भाडेकरूला मात्र त्यातलं काही मिळत नाही. आपल्याला व्याज नकोच आहे. मुद्दल तरी वेळेवर मिळावं.

तिसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. मुदत संपल्यावर भाडेकरूने घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जितके दिवस भाडेकरू बसून राहील तितक्या दिवसांची दुप्पट भाड्याने भरपाई मागू शकतो. हे योग्यच आहे; घरं बळकावणारे भाडेकरूही आहेत, आणि भाड्यावरच घर चालवणाऱ्या विधवा बायकाही आपल्या मोहल्ल्यात आहेत. पण मालकाने डिपॉझिट अडवलं तर? त्यासाठी त्या कायद्यात असा झटपट रस्ता नाही. भाडेकरूने नोटीस द्यायची, मग पैशाच्या वसुलीचा दावा करायचा, तोही तीन वर्षांच्या आत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं आणि रास्त वजावट करून ते घराचा ताबा घेतानाच परत द्यावं असं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो. आपल्याकडचा व्यवहार १९९९ च्याच कायद्यावर चालतो. घर आणि पैसा, दोन्ही दुसऱ्याच्या हातात राहिलेल्या वस्तू. एकीच्या उशिराला दुप्पट भरपाई आणि दुसरीच्या उशिराला नुसता खांद्यावर हात! ही तफावत दूर करण्याची मागणी आपण करायला हवी, आणि ती फक्त मुसलमानांची मागणी नाही.

तोवर काय करायचं? मी जे चुकलो ते तुम्ही चुकू नका. डिपॉझिट बँकेतूनच द्या. रोख द्यावंच लागलं तर सही केलेली पावती घ्या. करार नोंदवा आणि त्यात डिपॉझिटचा आकडा, परत देण्याचा दिवस आणि रंगाचा खर्च कुणाचा हे लिहून घ्या. तीन वर्षांत भिंतीचा रंग उडणार, तो भाडेकरूने केलेला बिघाड नव्हे. पण करारात रंगाची रक्कम मान्य केली असेल तर मग तक्रार करू नका. उशीर झाला तर व्याज, ही अट तुम्हाला नको असेल, तर दर आठवड्याला अमुक रक्कम मालकाने एखाद्या यतीमखान्याला द्यावी अशी अट घाला. हप्ता थकला तर दंडाची रक्कम दानात देण्याची पद्धत इस्लामी बँकांमध्ये आहेच. घरात जाताना आणि निघताना फोटो काढा. निघण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा. आणि चावी व पैसे एकाच बैठकीत. हे आधीच सांगून ठेवलं तर कुणाचा अपमान होत नाही. काही जण शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देत नाहीत, डिपॉझिटमधून कापा म्हणतात. मालकाची लेखी संमती असेल तर हा चांगला मार्ग आहे. संमती नसेल तर ते आपणही शब्द मोडणंच झालं.

आणि अडकलंच तर पोच घेऊन नोटीस पाठवा. त्यानंतर लगेच दाव्याकडे न जाता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तडजोडीसाठी अर्ज करता येतो. पण त्याहून जवळची एक जागा आपल्याकडे आहे. निकाह, तलाक, भावाभावांची भांडणं मशिदीच्या आणि जमातीच्या कमिट्या मिटवतात. डिपॉझिटचा वाद तिथे का जाऊ नये? जुम्याच्या खुत्ब्यात वर्षातून एकदा तरी या अमानतीचा विषय का निघू नये? कमिटीत बसणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः घरमालक असतात म्हणून तो निघत नसेल, तर मग तो निघण्याची गरज आणखीच आहे.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. नोटीस गेल्यावर हाजीसाहेब दुखावले. "इतना भी भरोसा नहीं?" म्हणाले. पण पैसे येऊ लागले. दहा हजार, मग बारा, मग दहा, आणि शेवटी वीस. एकूण बावन्न. रंगाचे आठ हजार मी सोडून दिले, आणि ते सोडून दिले हे त्यांना लेखी कळवलं, म्हणजे कयामतच्या दिवशी त्या हिशोबात दोघांनाही उभं राहायला नको. मेव्हण्याचे पैसे फिटले. मशिदीत आम्ही अजून मुसाफा करतो.

मास्तरांचे वीस हजार मात्र त्या फोननंतरच्या रविवारी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून जमवले. माझ्याकडे तेव्हा नव्हते, मेव्हण्याकडून आणखी थोडे घेतले. मास्तर निघाले त्या दिवशी मी बार्शीला होतो. मी पाकीट पुढे केलं तेव्हा ते संकोचून म्हणाले, "अहो, घाई नव्हती." त्यांना घाई होती. नव्या गावी त्यांनाही डिपॉझिट भरायचं होतं. मी पैसे मोजून घ्यायला लावले. मग त्यांनी चाव्या दिल्या.